विसर्जन नाही

मी बागेतला काळा दगड बोलतोय. पण आधी तुम्ही कोण, कुणी पाठवलं आणि खिशात टेप आहे का, ते सांगा. मोजायची टेप म्हणतोय मी. ती घेऊन आलेल्या माणसावर माझा काडीचा विश्वास नाही. आज मोजतात, उद्या चुन्याच्या खुणा करतात आणि परवा जेसीबी येतो. समोरच्या कारंज्याचं असंच झालं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून गावाचं नावही एवढ्यात सांगत नाही. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतलं एक गाव समजा आणि त्यातली एक बाग समजा.

तुम्ही म्हणाल, दगडाच्या जातीला एवढा संशय कशाला? तर माणसाचा हात मला पहिल्यांदा लागला तोच मुळी ठोकून बघायला. येडगावच्या बाजूला धरणाचं काम झालं तेव्हा माझे भाऊबंद भिंतीत गेले आणि मी एकटा कडेला पडून राहिलो. बऱ्याच काळाने एक पाथरवट आला, हातोडीने टकटक केलं आणि कान लावला. दगड खणखणीत वाजला की एकसंध, बद्द वाजला की आत चीर, अशी त्यांची रीत. मी खणखणीत वाजलो, तरी बाबा पुन्हा पुन्हा ठोकतच राहिला. ज्याची माणसाशी ओळखच अशी झाली, त्याने पुढे कुणावर भरवसा ठेवायचा?

मला इथे आणलं ते पोरपलटणीच्या लोकांनी. तेव्हा ते पोरं नव्हते, पोटं सुटलेले बाप्ये होते. ट्रॅक्टरमधून मला उतरवताना एकमेकांवर ओरडत होते आणि मधेमधे जुन्या गोष्टी सांगत होते. एकाने सांगायचं आणि बाकीच्यांनी चूक काढायची, असं चाललं होतं. त्यातून मला माझी कुळकथा कळली.

चीनशी लढाई झाली त्या सुमाराची ती गोष्ट. फौजेतून घरी आलेले हवालदार रखमाजी यांच्या मनाने घेतलं की इथल्या पोरांना कवायत शिकवायची. कागदावर तिचं नाव होतं कुमार सैनिकी शिक्षण पथक. गावाने त्याचं पोरपलटण करून टाकलं. गावातली पोरं होती, तशी शिनोलीच्या वरच्या अंगाला डोंगरात राहणारी, शाळेसाठी इथे बोर्डिंगात उतरलेली पोरंही होती. बंदुका लाकडाच्या. सुताराने औतांच्या उरलेल्या बाभळीतून त्या काढल्या होत्या, त्यामुळे एकीचं तोंड आभाळाकडे तर दुसरीचं नेम धरणाऱ्याच्याच पायाकडे. आज जिथे बाग आहे तिथे तेव्हा मोकळं मैदान होतं.

हवालदारांचे हुकूम फौजी हिंदीतले. पोरांना त्यातलं निम्मं कळायचं नाही. ‘पीछे मूड’ म्हटलं की पिंपळाकडे तोंड करायचं आणि ‘दाहिने मूड’ म्हटलं की चावडीकडे, असं त्यांनी आपलं बसवून टाकलं होतं. सगळ्यात गोड हुकूम शेवटचा, विसर्जन. तुम्हाला विसर्जन म्हटलं की गणपती आठवतो. फौजेत विसर्जन म्हणजे कवायत संपली, रांग मोडा, घरी जा. उजवीकडे वळायचं, सलाम ठोकायचा, क्षणभर थांबायचं आणि सुटायचं. पण तो शब्द ज्याने रांग लावली त्याच्याकडूनच यायला हवा. तोवर अंगावर म्हैस आली तरी हलायचं नाही. एकदा खरंच म्हैस आली आणि रांगेतून निवांत चालत गेली, पण कुणी हललं नाही. ‘माझ्या पायावर पाय देऊन गेली’ असं सोमाजी सांगायचा. हौशीराम म्हणायचा, म्हैस कुठली, रेडकू होतं.

हे दोघे लक्षात ठेवा. सोमाजी डोंगरातला, हौशीराम गावातला. रांगेत शेजारी उभे राहणारे आणि जन्मभर एकमेकांच्या चुका काढणारे.

पुढे पाकिस्तानशी लढाई जुंपली आणि हवालदारांना परत बोलावणं आलं. त्या दिवशी कवायत रंगात होती. एसटीची वेळ होत आली तसे ते पोरांना म्हणाले, “पलटण, मी आलोच. तवर विसर्जन न्हाई.” ट्रंक उचलली आणि गेले. पोरं उभीच. दिवेलागणीला आया येऊन एकेकाला कानाला धरून घरी घेऊन गेल्या. हौशीराम तर कानाला धरूनही हलेना. शेवटी त्याच्या बापाने त्याला पोत्यासारखा खांद्यावर टाकून नेला. हवालदार परत आले नाहीत. सरहद्दीवरच गेले.

मैदानाची बाग होणार असं ठरलं तेव्हा ह्या लोकांनी मला इथे रोवलं. वर पथकाचं नाव, त्याखाली हवालदारांचं आणि सगळ्यात खाली, बोटाचं पेर बुडेल एवढ्या खोल अक्षरांत, दोनच शब्द: विसर्जन नाही. ही ओळ खोल काढ, असं सोमाजीने पाथरवटाला बजावलं होतं. मला ते दोन शब्द लागलीच आवडले. त्यातही दुसरा जास्त. दगडाच्या तोंडी ‘नाही’ शोभून दिसतं.

तेव्हापासून माझा सगळा जीव त्या अक्षरांत. कोण बोट घालतंय, कोण टेकतंय, कोण खिळा काढतंय, माझं लक्ष असतं. जोडपी येतात आणि माझ्या पाठीमागे बसतात. त्यांना वाटतं मला कळत नाही. पुढारी हार घालायला येतात, हार मला आणि तोंड कॅमेऱ्याकडे. एकदा एका बाईने मला हळदकुंकू लावलं तेव्हा तर मी हबकलोच. देव झालो की संपलं. शेंदराचे थर चढतात आणि खाली कोण होता ते कुणी विचारत नाही. आमच्या भागात असे कितीतरी वीर शेंदराखाली गुदमरलेत. सुदैवाने ती बाई परत आली नाही. पण शेंदराने केलं नाही ते ऑइलपेंटने केलं. दर ऑगस्टला मला काळा रंग मारतात, वर्षानुवर्षं. वरची अक्षरं त्यात बुजून गेली. खोल होती ती तळाची ओळ तेवढी उरली. आता नवखा माणूस मला वाचतो तेव्हा त्याला दिसतं फक्त ‘विसर्जन नाही’.

रंग मारायला लागले की सोमाजी एसटीने येऊन भांडायचा. पलटणीतली माणसं एकेक करून गेली, तसा तो एकटाच भांडत राहिला. माझा भरवसा कुणावर असेल तर त्याच्यावर. तोसुद्धा अर्धाच.

गेल्या वर्षापासून एक म्हातारा रोज संध्याकाळी येऊन माझ्यासमोर उभा राहू लागला. बसत नाही, फिरत नाही, शेंगदाणे खात नाही. नुसता टक लावून बघतो. मी म्हटलं, हा नक्की कुणाचा तरी माणूस आहे. दगड हलवायच्या आधी टेहळणीला पाठवला असेल. मग एका संध्याकाळी त्याने टाचा जुळवल्या, मुठी वळल्या, अंगठे पायजम्याच्या शिवणीवर ठेवले, आणि मला ओळख पटली. हा हौशीराम. मला ट्रॅक्टरमधून उतरवताना सगळ्यात मोठ्याने ओरडणारा. आता पार वाळला होता. त्याच्या डोक्यातली अलीकडची सगळी वर्षं गळून गेली होती. मुलगा, सून, नातवंडं, कुणाचं नाव आठवत नव्हतं. मैदान आठवत होतं आणि रांग.

सून उज्ज्वला न्यायला यायची. बिचारी आधी समजुतीने घ्यायची.

“आबा, चला की घरी. भाकरी निवली.”

“विसर्जन झालं न्हाई.”

“झालं हो आबा. झालं विसर्जन.”

“तू कोन? बाईमानूस पलटनीत कधी आली?” एवढं बोलून तो माझ्याकडे बोट दाखवायचा. “वाच. काय लिवलंय?”

ती वाचायची आणि त्याचा दंड धरून ओढू लागायची. मला तेव्हा अभिमान वाटायचा, हे कबूल करतो. एवढ्या जगात एकजण तरी मला नीट वाचतोय. पण हळूहळू त्याचे पाय सुजू लागले. एकदा भर पावसात उभा राहिला आणि तापाने फणफणला. एकदा उभ्या उभ्या कोसळला आणि कपाळ माझ्याच कडेवर आपटलं. उचलून नेताना तो लहान पोरासारखा रडला. मार लागला म्हणून नव्हे, रांग मोडली म्हणून.

उज्ज्वलाने सोमाजीला फोन करून बोलावलं. मला वाटलं, आता सुटेल. सोमाजी त्याच्यासमोर उभा राहिला आणि छाती फुगवून म्हणाला, “पलटन, विसर्जन.”

हौशीरामने मान न हलवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. “सोम्या, तू लायनीतला. तुला कुनी हुकूम द्यायला सांगितला? शेजारी उभा ऱ्हा.”

सोमाजी उभा राहिला नाही. बाकावर जाऊन बसला आणि उपरण्याने तोंड पुसत राहिला. उज्ज्वला म्हणाली, “काका, आबांच्या पोराचं म्हननं, बाहेरनं कडी लावायची. पुन्यांदा पडलं तर उठायचं न्हाईत, असं डॉक्टर म्हनले. पर जित्या मानसाला कडी लावून मी भाकरी कशी खाऊ?”

माझ्या अंगावरच्याच शब्दांनी हौशीरामला बांधून ठेवलं होतं, आणि ते शब्द मला प्राणापेक्षा प्यारे होते. अखेर असं ठरलं की गणपती होईपर्यंत बघायचं आणि मग कडी.

त्याच सुमारास टेप आली. मोजायचीच. पालिकेत नव्याने आलेल्या हर्षाली मॅडम बागेत फिरू लागल्या. इथून तिथे टेप धर, तिथून इथे धर, आणि टेपचं एक टोक थेट माझ्या पायाशी. बागेला पाणी घालणारा भागू दुसरं टोक धरून होता. तो भागू, ज्याला मी इतकी वर्षं आपला समजत होतो. त्या काहीतरी हळू बोलल्या, भागू हसला. माझी खात्रीच पटली. संपलं आपलं.

निघालं वेगळंच. नदीचं पाणी खराब होतं म्हणून गणपती बागेत विसर्जन करायचे होते, त्यासाठी माझ्या शेजारी पत्र्याचा मोठा हौद बसवला. दीड दिवसाचे गणपती निघाले. पाटावर देव, डोक्यावर टोपी, हातात आरतीचं ताट, अशी माणसं फाटकातून आत यायची, माझ्यापर्यंत यायची, मला वाचायची आणि माघारी वळून नदीकडे चालू लागायची. मी मनात म्हटलं, वाचतायत तर वाचू दे.

मॅडम वैतागल्या. “भागू, लोक परत का जातायत?”

“मॅडम, दगडावर ‘न्हाई’ लिवलंय ना. लोकांना वाटतंय, हितं बंदी हाय.”

“कुणी लावलीय ही पाटी?”

“लई जुनी हाय. वरचं समदं बुजलंय.”

त्यांनी वाकून पाहिलं. वरच्या रंगावर बोट फिरवलं. काही लागलं नाही. “बरं, मग ‘नाही’वर टेप मार. ‘विसर्जन’ राहू दे. उलट बरंच झालं, वेगळा बोर्ड नको.”

भागूने खोकी चिकटवायची ती रुंद, तपकिरी टेप आणली. ऑइलपेंटच्या गुळगुळीत अंगावर ती अशी बसली की विचारू नका. करकर दाताने तोडायचा आणि चापट मारून बसवायचा, एकावर एक पट्ट्या. माझं ‘नाही’ गेलं. ज्याच्यासाठी मी आयुष्यभर डोळ्यात तेल घालून बसलो, ते एका खोक्याच्या टेपखाली गेलं. लोक आनंदाने येऊ लागले. गुळखोबरं वाटलं जाऊ लागलं. एका पोराने टेपवर खोबऱ्याचा हात पुसला.

दुपार कलली आणि हौशीराम आला.

गर्दी, घंटा, टाळ, कशाकडे त्याचं लक्ष नव्हतं. तो आपल्या जागी उभा राहिला. टाचा जुळवल्या. नेहमीसारखं माझ्याकडे पाहिलं. पहिलीतलं पोर वाचतं तसे त्याचे ओठ हलले. वि. सर्. जन. मग नजर पुढच्या अक्षरावर सरकली आणि तिथे काही नव्हतं. त्याने पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पुन्हा तिथेच संपलं.

मी जीव मुठीत धरून होतो. हा आता चिडणार, टेप ओरबाडणार, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं.

हौशीराम उजवीकडे वळला. चावडीच्या अंगाला, जिकडे आता बागेचं फाटक आहे. खाडकन सलाम ठोकला. क्षणभर थांबला, शिकवलं होतं तसा. आणि चालू लागला.

उज्ज्वला फाटकातून आत येत होती. सासऱ्याला समोरून चालत येताना पाहून ती जागीच थांबली.

“आला का हुकूम?” तिने भीतभीत विचारलं.

“सुटली पलटन,” तो म्हणाला. “चल. भाकर केलीस का?”

ती फाटकाजवळच्या कट्ट्यावर मटकन बसली. तो तिच्या शेजारी उभा राहून, ही बाई का रडतेय, असं बघत राहिला.

पुढच्या दिवशीही तेच. त्याच्या पुढच्या दिवशीही. सकाळपर्यंत त्याच्या डोक्यातून सगळं पुसलं जातं. संध्याकाळी तो नव्याने रांगेत येतो, मला वाचतो, सलाम ठोकतो आणि आपल्या पायांनी घरी जातो.

अनंत चतुर्दशी उलटली, हौद उचलला गेला, आणि सोमाजी आला. येतोय असं दिसलं तेव्हाच मला हायसं वाटलं. आला माझा माणूस. टेप बघून त्याच्या कपाळाची शीर उडाली. “कुनी क्येलं ह्ये?” भागूने गुपचूप मॅडमना बोलावून आणलं. सोमाजीने त्यांना सगळं सांगितलं, हवालदार, एसटी, ट्रंक, रांग, आणि फौजेतलं विसर्जन म्हणजे काय ते.

हर्षाली मॅडमचा चेहरा उतरला. “काका, मला खरंच माहीत नव्हतं. वरचं वाचताच येत नव्हतं हो. थांबा, मी स्वतः काढते.” त्यांनी वाकून टेपचा कोपरा नखाने सोडवला. काढ बाई, काढ, असं मी मनात म्हणत होतो.

“नका काढू, मॅडम.” मागून उज्ज्वला आली होती, सासऱ्याच्या पुढे चालत. “काका, तुमी त्यांला येऊ द्या. मग काय करायचं ते करा.”

हौशीराम आला आणि आपल्या जागी उभा राहिला. शेजारी सोमाजी दिसला. “सोम्या, उशीर क्येलास. उभा ऱ्हा.”

सोमाजी ह्या वेळी उभा राहिला. गुडघे वाकलेले, पण टाचा त्यानेही जुळवल्या. हौशीरामने वाचलं. तो उजवीकडे वळला, सलाम ठोकला आणि बघतो तर शेजारचा तसाच उभा.

“सोम्या, मूड की. चावडीकडं. विसर्जन झालंय.”

सोमाजी हळूच वळला. हात कपाळाला गेला. दोघे फाटकापर्यंत बरोबर चालत गेले. मला वाटतं, वाटेत म्हशीवरून वाद झाला.

थोड्या वेळाने सोमाजी एकटाच परत आला. मॅडम बाकावर बसून होत्या. तो माझ्यासमोर वाकला, मॅडमनी सोडवलेला टेपचा कोपरा अंगठ्याने दाबून बसवला आणि दाबतच राहिला.

“हवालदार म्हनलं व्हतं, आलोच,” तो म्हणाला. मला म्हणाला की स्वतःला, कळलं नाही. “आलं न्हाईत. मग पोरांना घरी जा म्हनून कुनी तरी सांगाया पायजे का नको?”

तर आता माझी हालत ही अशी आहे. वरची अक्षरं खरवडून उघडी करायचं मॅडमनी मनावर घेतलंय. बघू, होईल तेव्हा खरं. तळाच्या टेपला मात्र कुणी हात लावायचा नाही, असं ठरलंय. माझं ‘नाही’ तिच्याखाली जसंच्या तसं आहे. पेरभर खोल आहे, कुठे जातंय? मी विसर्जन घेतलेलं नाही. हवालदार येईपर्यंत एकाने तरी रांगेत उभं राहायला हवं, ते मी राहीन. हौशीराम आहे तोवर टेप राहू द्या. तो गेला की काढा.

पण माझा संशयी स्वभाव मला स्वस्थ बसू देत नाही. पूर्वी भीती होती टेप लावतील याची, आता भीती आहे निघेल याची. उन्हाने कडा वळल्यात. पावसाने एक पट्टी सुटून लोंबायला लागलीय. पोरांना टेप ओढायला फार आवडतं, त्यांचीही नजर माझ्यावर असते. मॅडमनी जादा रीळ भागूकडे दिलं आहे, पण त्याच्या घरच्या सायकलच्या सीटला तसलीच तपकिरी टेप दिसते असं ऐकतो. एखाद्या संध्याकाळी हौशीरामने वाचायच्या आत ती गळून पडली तर तो उभाच राहील.

म्हणून सुरुवातीला जे सांगायचं टाळलं ते आता सांगतो. लेण्याद्रीचं दर्शन करून उतरलात की खाली कुणालाही विचारा, विसर्जनाचा दगड कुठे. गणपतीपासून मला याच नावाने ओळखतात. बागेत या, कुणी पाठवलं ते विचारणार नाही. फक्त दिवस मावळायच्या आत या आणि येताना टेप घेऊन या. चिकटवायची. जरा रुंद बघून आणा.